मावशी ताटं वाचायच्या

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. मी कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. त्यामुळे घरच्यांचा माझ्याबद्दल जरा जास्तच समज आहे आणि तो खोडून काढायची हिंमत मला वेळेवर झाली नाही. ज्यांच्याबद्दल लिहायला बसलो आहे त्यांना अक्षर ओळखता येत नव्हतं. मी असं काही लिहितोय हे कळलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, "माझ्यावर लिवतोय? दुसरं कोणी घावलं नाय का तुला?"

पण एक गोष्ट छातीठोकपणे सांगतो. आमच्या मावशींइतकं माणूस ओळखणारं दुसरं कोणी अख्ख्या नाशकात नव्हतं, आणि त्यासाठी त्यांना माणसाचं तोंडसुद्धा बघावं लागत नसे. त्याचं खरकटं ताट पुरायचं.

मी सहा महिन्यांचा असताना आईच्या पाठीचं ऑपरेशन झालं. तेव्हा दोन महिन्यांपुरत्या म्हणून मावशी धुण्या-भांड्याला आल्या आणि एकोणीस वर्षं येत राहिल्या. गाव पेठच्या पलीकडे डोंगरात, राहायला नाशकातल्या द्वारका भागातल्या आमच्या घरापासून वीस मिनिटांवरच्या वस्तीत. मोरीत बसल्या की त्या लगेच घासायला घेत नसत. आधी सगळी ताटं समोर मांडायच्या, मान तिरकी करून एकेकाकडे बघायच्या आणि मग मोठ्यांदा निकाल द्यायच्या. वडील टेम्पोने लासलगावहून कांदा वाहतात. डॉक्टरांनी त्यांचं तेलकट बंद केलं, त्याच आठवड्यात मोरीतून आवाज आला, "वहिनी, भाऊंनी वाटेत भजी हाणली बरं का. भाकर अर्धी सोडली, पन पाणी तांब्याभर प्यालेत."

वडील तरातरा मोरीच्या दाराशी गेले. "मावशी, तुम्ही भांडी घासा ना गपचूप!"

"घासतेच हाय की. भांडीच बोलत्यात, मी काय करू?"

अकरावीत अकाउंट्सला मी नापास झालो तेव्हा निकाल दप्तरात तळाशी दडवून ठेवला होता. मावशींनी माझं ताट उचललं, भाताचे बोटांनी केलेले छोटे छोटे ढिगारे पाहिले आणि आईला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात विचारलं, "किती इषयात?" ताईला बघायला सिन्नरकडचे लोक आले होते, तेव्हा तर ते गेल्यावर कुणी बशा उचलायच्या आत मावशी पुढे झाल्या. पाहुणे आईला पसंत होते, वडिलांनाही. मावशी म्हणाल्या, "पोरानं पोह्यातला येकबी शेंगदाणा खाल्ला नाय, समदे आयच्या बशीत काढून दिलेत, तिथं दोन माणसांचे शेंगदाणे पडलेत. आयला इचारल्याबिगर ह्यो पाणी पिनार नाय." सगळे हसले. ताई मात्र हसली नाही, आणि तिने नकार दिला. आज ती सुखात आहे. तिचा नवरा ताट चाटूनपुसून खातो. मावशींनी त्याला पहिल्याच जेवणात पास केलं होतं.

सुट्टी हा प्रकार त्यांना मान्य नव्हता. वणीला देवीला जायचं असो की गावी लग्न असो, आमच्याकडे त्यांची जाऊ बदलीवर यायची. जाऊबाई फार गरीब स्वभावाच्या, ताटांकडे बघायच्याही नाहीत, नुसत्या घासायच्या. परत आल्यावर मावशी कढईच्या बुडावरून अंगठा फिरवायच्या आणि म्हणायच्या, "फसवलं वाटतं बायनं." मग सगळी घासलेली भांडी पुन्हा घासायच्या. मी कॉलेजात गेल्यापासून मला बारक्या म्हणणं बंद करून त्या 'सायेब' म्हणायला लागल्या. "सायेब, चड्डी उलटी वाळत घातलीय तुमची," हे त्या गॅलरीतून ओरडून सांगायच्या, आणि खालच्या दुकानदाराला माझी नवी पदवी तेव्हाच कळली.

मागच्या पावसाळ्यापासून त्या जिना चढताना मधल्या मजल्यावर थांबायला लागल्या. चहा अर्धा उरायचा. आईने दोनतीनदा विचारलं, "मावशी, गोड झाला का?" आणि साखर कमी करत गेली. साखर कमी झाली, तरी चहा उरतच राहिला.

दिवाळीनंतर एका दुपारी आई बाजारात गेली होती. मावशींनी कमरेच्या पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढला. सरकारी दवाखान्यात जाऊन आल्या होत्या, कुणाला न सांगता. "सायेब, वाचा. तिथं लय गर्दी, मला काय समजलं नाय. वहिनीला बोलू नको, उगाच काम सोड म्हनल."

सगळा कागद इंग्रजीत होता. मला त्यातलं जवळजवळ काहीच कळलं नाही. ते सांगायला हवं होतं. 'मावशी, मला हे कळत नाही', एवढंच वाक्य. पण त्या माझ्या तोंडाकडे अशा बघत होत्या की मी ते मोठ्याने वाचायला लागलो, वर्गात वाचतात तसं. मधे 'माइल्ड' हा शब्द आला. तो मला येत होता.

"माइल्ड म्हणजे सौम्य," मी म्हणालो. "थोडंसं. घाबरण्यासारखं नाही."

"आन खाली काय लिवलंय?"

खाली एक ओळ होती, पुढच्या कुठल्यातरी तपासणीचं लांबलचक नाव. "ते असंच असतं, सगळ्यांच्या कागदावर," मी म्हणालो.

त्यांनी घडी घातली, माझ्या डोक्यावरून ओला हात फिरवला आणि म्हणाल्या, "बरं झालं बाबा, घरात एक तरी शिकलेलं हाय." त्या दिवशी त्यांनी चहा पूर्ण प्यायला.

ते नाव मी मोबाइलवर शोधणार होतो, पण संध्याकाळपर्यंत ते नीट आठवेना. आठवड्याने मी म्हणालो, "मावशी, तो कागद जरा परत दाखवा." त्या म्हणाल्या, "का? एकदा वाचला ना? पुन्हा परीक्षा द्यायचीय?" मी हसलो. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. पुन्हा मी विषय काढला नाही.

संक्रांतीनंतर त्या म्हणाल्या, महिनाभर गावी जाते, हवा बदलली की बरं वाटेल. आईने तिळाचे लाडू बांधून दिले. दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळेला जाऊबाई आल्या. महिना झाला, दीड महिना झाला. आई विचारायची, "कधी येणार मावशी?" जाऊबाई खाली मान घालून म्हणायच्या, "येतील." मी अभ्यासात होतो.

माझा शेवटचा पेपर झाला त्या दुपारी जाऊबाईंनी भांडी घासली, हात पुसले आणि मोरीच्या उंबऱ्यावर बसून राहिल्या.

"वहिनी, ती गेली. वीस दिस झाले. पोराचे पेपर संपोस्तोर घरात बोलायचं नाय, अशी आन घातली व्हती मला."

आई उंबऱ्यापाशी आली. तिने विचारलं, "अगं, पण दवाखान्यात नाही का नेलं? आम्हाला तरी सांगायचं!"

"लय सांगितलं तिला. नाशकाला न्यायला गावच्यांनी जीप पन ठरवली व्हती. बसलीच नाय. सगळ्यांना येकच सांगायची, मला काय झालं नाय, आमच्या बारक्यानं कागद वाचलाय. कालेजात हाय त्यो."

जाऊबाईंनी पदराने डोळे टिपले. आई माझ्याकडे वळली.

"कोणता कागद रे?"