डोंगरवालीची बदकं

सूमेइ लग्न होऊन आमच्या तळ्याकाठच्या गावात आली, तेव्हा तिला बदक आणि हंस यांतला फरकही कळत नव्हता. माहेर डोंगरातलं, तिथे चहा, बांबू आणि बकऱ्या. आमच्याकडे पोरगी नीट चालायला लागली की हातात बदकं हाकायची काठी येते. त्यामुळे तिचं नावच पडलं ‘डोंगरवाली’. मी तिची शेजारीण. आमच्या दोन अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत, म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

त्या वर्षी वसंतात तिचा नवरा हाईशंग कालव्याच्या कामावर बाहेरगावी गेला. जाताना बदकांची साठ पिल्लं मागवून गेला होता. पिल्लं आली तेव्हा घरात दोघीच, सूमेइ आणि सासू. सासू तांदळाची दारू गाळण्यात पटाईत, पण बदकांचा विषय निघाला की म्हणायची, “मला मडकी कळतात बाई, पंख नाही कळत.”

सूमेइनं पिल्लांना जिवापाड जपलं. खोलीतली सिमेंटची फरशी रोज घासून लखलखीत करायची. खायला गावातल्या सगळ्यांसारखाच, दुकानात त्या वर्षी नवा आलेला कोंबड्यांचा कोरडा भरडा. पिल्लं बुडू नयेत म्हणून पाणी चहाच्या बशीत. सगळं मायेनं, आणि सगळं चुकीचं.

नवव्या दिवशी पिल्लं उठेनात. चार पावलं टाकायची आणि बसकण मारायची. काहींचे पाय धनुष्यासारखे वाकले, काहींचे त्या गुळगुळीत फरशीवर घसरून बेडकासारखे दोन्हीकडे फाकले. तीन तर कोरडा भरडा घशात अडकून मेली. बशीतल्या पाण्यात त्यांच्या नाकपुड्याही भिजत नव्हत्या.

तिनं गू काकांना बोलावलं. तीन पिढ्या बदकं पाळणारं घर. त्यांचा शब्द गावात शेवटचा. काका उंबऱ्याच्या आतही आले नाहीत.

“ही बाद झाली. पुरून टाक आजच.”

“काका, काही औषध?”

“औषध? पाय नसलेल्या बदकाला आम्ही उशी म्हणतो, डोंगरवाले!”

अंगणात जमलेल्या बायका हसल्या. खोटं कशाला बोलू, मीही हसले. ते गेल्यावर सूमेइ भिंतीशी आली. डोळे कोरडे होते.

“वहिनी, श्वास चाललाय त्यांचा. मी नाही पुरणार.”

दुसऱ्या दिवशी तिनं फरशी पुसायला म्हणून अगदी लुळी पडलेली बारा पिल्लं टोपलीत घालून स्वयंपाकघरामागे उन्हात ठेवली. तिथे सासूनं दारू गाळून उरलेल्या तांदळाच्या चोथ्याचा ढीग टाकलेला असायचा. पिल्लं सरपटत त्याच्यापर्यंत गेली आणि चोची खुपसून बसली. जागा उबदार, म्हणून तीच बारा रोज तिथे. चौथ्या दिवशी सकाळी सूमेइची किंकाळी ऐकून मी भिंतीवरून उडीच मारली.

“काय झालं गं? साप?”

“वहिनी, उभी आहेत! बघा ना, जी सगळ्यांत वाईट होती, तीच आधी उभी राहिली!”

पाच पिल्लं चक्क पायांवर होती. डुलत होती, पण उभी होती. सूमेइ त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि एकेकाच्या चोचीला लागलेला चोथा बोटानं पुसून बघू लागली. मग एकदम म्हणाली, “भरड्यात काहीतरी कमी आहे. कोंबडीला पुरतं, बदकाला नाही. ते ह्या चोथ्यात आहे.”

सासू दारातून ओरडली, “देतेस ते दे, पण आधी चांगला धुऊन पिळून घे. नाहीतर पिल्लं गाणी म्हणत फिरतील!”

त्या दिवसापासून तिनं सगळं उलटं केलं. फरशीवर जाड पेंढा अंथरला. भरडा चोथ्यात कालवून ओला करून देऊ लागली. बशी गेली, खोल वाडगं आलं. पिल्लांना डोकं बुडवून नाक धुता येईल इतकं खोल, आणि आत पडू नयेत म्हणून मधे गोटे. फाकलेल्या पायांना जुन्या सदऱ्याची मऊ चिंधी बांधली, दोन पायांत बोटभर अंतर ठेवून. रोज सोडून बघायची, पुन्हा बांधायची. दुपारी गुडघाभर पाण्यात उतरून हिरवं शेवाळ आणि गोगलगाई आणायची, ठेचून घालायची. पाण्याला घाबरणारी बाई ती!

आणखी तीन गेली, पण चौपन्न जगली. चौपन्नच्या चौपन्न चालली.

बातमी लपते का? तोच भरडा घरोघरी गेला होता आणि घरोघरी पिल्लं बसली होती. बायका टोपल्या घेऊन येऊ लागल्या. सूमेइनं कुणालाही परत पाठवलं नाही. चोथा वाटून वाटून सासूचा ढीग संपला. एका दुपारी टोपलीवर फडकं झाकून गू काका आले. गर्दी बघून परत वळत होते.

“काका,” सूमेइनं हाक मारली, “उशा आणल्यात का?”

हशा पिकला. काका लालबुंद झाले, मग स्वतःच खोखो हसत सुटले. “आणल्यात बाई, चाळीस! शिकव आता.”

“मग बसा खाली. बाह्या वर करा. चोथा हातानं पिळायचा असतो, शब्दानं नाही.”

गावात ज्यांच्यापुढे कुणी तोंड उघडत नव्हतं, ते काका पाटावर बसून तासभर चोथा पिळत होते. जाताना म्हणाले, “माझ्या बापालाही हे ठाऊक नव्हतं.” सूमेइनं मान खाली घातली, पण मी बघितलं, तिचे कान लाल झाले होते.

उन्हाळ्याच्या तोंडाला हाईशंग परतला, तो नेमका तिनं पहिल्यांदा बदकं मोठ्या तळ्यात सोडली त्या सकाळी. ती होडीत ताठ उभी, हातात लांब बांबू. पुढे चौपन्न बदकं नांगराच्या फाळासारखी पाणी कापत निघालेली.

“अगं, तुला पोहता येत नाही!” तो काठावरून ओरडला.

“त्यांना येतं ना!” ती ओरडली, आणि मागे वळूनही न बघता तिनं होडी पुढे रेटली.