सीमेवरून आलेली फेक

आमच्या मॉसन लेक्स उपनगरातल्या मैदानावर तो मला पहिल्यांदा दिसला, तेव्हा भिंतीवर चेंडू फेकून स्वतःच झेलत होता. मी कामावरून घरी निघाले होते. पुण्यात युनिव्हर्सिटीकडून क्रिकेट खेळलेली मी. चेंडू दिसला की पाय थांबतातच. विचारलं, तर कळलं की तो जपानमधला व्यावसायिक बेसबॉल खेळाडू. आउटफिल्डर, म्हणजे आपला सीमेजवळचा फिल्डर. उन्हाळ्यापुरता इथल्या टीमकडे आला होता. त्या दिवशी टीमला सुट्टी, त्यामुळे उंच झेल द्यायला कोणी नव्हतं.

मी धावत जाऊन घरून माझी क्रिकेटची बॅट आणली. ती बघून तो हसला आणि लांब पळाला. पुढे त्याच्या प्रत्येक सुट्टीला आमचं हेच सुरू झालं. प्रत्येक झेलानंतर तो ओरडायचा, "हायर, प्लीज!" म्हणजे अजून उंच. माझे खांदे भरून यायचे, पण थांबवेना.

दमलो की गवतावर बसायचो. मोडक्या इंग्रजीत आणि फोनवर भाषांतर करत तो सांगायचा. वडिलांची मासेमारीची बोट. शाळेत तो पिचर, म्हणजे आपला बॉलर होता, पण सतराव्या वर्षी कोपराचं ऑपरेशन झालं आणि सगळं संपलं असं त्याला वाटलं. कोच म्हणाले, दिवसाला शंभर फेकी जमणार नाहीत, पण मॅचमध्ये एखादी जमेल, आउटफिल्डला जा. पुढे एका क्लबने शिकाऊ म्हणून घेतलं. सराव सगळा, पण मुख्य टीमच्या मॅचमध्ये खेळायची परवानगी नाही. "यंदा नाही जमलं, तर बोट," तो शांतपणे म्हणाला.

शनिवारी आर्व्होला, म्हणजे इथल्या बोलीत दुपारी, मी त्याची मॅच बघायला गेले. एक फटका थेट कुंपणापर्यंत गेला. त्याने तो पळत जाऊन झेलला. पण झेल झाल्यावर तिसऱ्या बेसवरच्या रनरला घराकडे, म्हणजे रन पुरी होते त्या शेवटच्या बेसकडे, पळता येतं, आणि तो सुटलाच. याने कुंपणापाशीच वळून चेंडू फेकला. एक टप्पा पडून तो थेट कॅचरच्या, म्हणजे घरापाशी बसलेल्या कीपरच्या हातात! रनर आऊट! मी खुर्चीवर उभी. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, तू ओळखतेस त्याला?

"त्याला झेल मीच देते," मी म्हणाले.

तो परत गेला. आमच्याकडे हिवाळा आणि जपानमध्ये उन्हाळा असताना एका संध्याकाळी त्याचा मेसेज आला: मुख्य टीमशी करार झाला, आज मॅच आहे. जपानचं घड्याळ आमच्यापेक्षा अर्धा तासच मागे. जेवण तसंच टाकून मी फोन उघडला. तो दोनदा बाद झाला, पण बेसबॉलमध्ये बाद झाल्यावरही पुन्हा पाळी येते. तिसऱ्या वेळी चेंडू बॅटला लागून दोन फिल्डरांच्या मधून गेला आणि तो पळत सुटला. मी स्वयंपाकघरात मराठीतच ओरडत होते, "पळ, पळ!"