मामांच्या डोळ्यांदेखत

आमच्या थोरल्या मामांनी जन्मात कुठलंही काम दुसऱ्याच्या भरवशावर सोडलेलं नाही. बाजारहत्नूरच्या गिरणीत ज्वारी दळायला टाकली की पीठ अंगावर घेत ते तिथेच उभे. न्हाव्याकडे आरसा त्यांच्याच हातात आणि नजर वस्तऱ्यावर. गेल्या हंगामात ट्रॉलीत कापूस भरला, गड्यांनी दोर आवळला, तरी गाठ बघायला म्हातारा वर चढला. गाठ पक्की होती. मामाच घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं.

आदिलाबादच्या दवाखान्यात भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. बिड्यांनी फुप्फुसं खराब झालेली, हृदय कमजोर, वर शुगर. पूर्ण भूल दिली तर घशात घातलेली श्वासाची नळी नंतर निघेलच याची खात्री नाही, असं त्या हिंदीत म्हणाल्या. पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊ, कमरेखालचं बधिर होईल, ते जागे राहतील. मात्र बीपी एकदम पडू शकतं. तुम्ही जागे राहाल, असं मी मामांना जाऊन सांगितलं. मामांचा चेहरा खुलला.

"म्हंजे मी पाहून राह्यलो तरी चालते?"

"मामा, मधात पडदा राह्यते."

"पडदा काऊन? पाय माहा हाय ना!"

मी आणि मामी दाराबाहेर बाकावर बसलो. आतून मामांचा आवाज येत होता. "काय ठोकून राह्यले? हळू ठोका, हळू!" मामी पदरात तोंड लपवून हसली. आणि अर्ध्या वाक्यातच आवाज थांबला.

"बाबा! बाबा, आंखें खोलो!" डॉक्टरीणबाई ओरडल्या. एक नर्स धावत आत गेली. मामीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की तिच्या बांगड्या रुतल्या. आम्ही दाराकडे बघत राहिलो. किती वेळ गेला कोण जाणे, मग आतून बारीक, चिडका आवाज आला.

"वरडता कायले? आयकून राह्यलो ना!"

तेव्हा कुठे मामी रडली.

बीपी पडलं होतं, औषधाने सावरलं. संध्याकाळी पायाचा अंगठा हलला, तो मामांनी मला दोनदा दाखवला. मग हळूच विचारलं, "मधातलं मले आठोतच नाही, बापू. तवा माह्याकडं कोन पाहत होतं?"

"डॉक्टरीणबाई."

त्यांनी पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं. "चांगली बाई हाय," म्हणाले.

आता काठी टेकत ते वावरात जातात. दुपारी बोलता बोलता त्यांचा डोळा लागला, की मामी हातातलं काम ठेवते आणि त्यांची छाती वरखाली होतेय ना, ते बघत बसते. मी गेलो की मीही बसतो.