टॅक्स वाढवीन म्हणून निवडून आले

माझ्या सासऱ्यांनी सकाळचा चहा सोडला, तेव्हा कारण मला लगेच कळलं. बाजारचौकातलं सार्वजनिक स्वच्छतागृह बंद झालं होतं. ऐंशीला टेकलेल्या, मधुमेह असलेल्या माणसाला तासभर बाहेर राहायचं, तर काही पिऊन निघता येत नाही. महिन्याभराने त्यांनी चौकात जाणंच सोडलं. तिथल्या बाकावर त्यांच्याशी पत्ते खेळणारे तीन मित्र होते, दोन इंग्रज, एक पोलिश. इंग्लंडमध्ये त्यांचं स्वतःचं असं तेवढंच होतं.

मी ते चालवणाऱ्या मोठ्या कौन्सिलला, म्हणजे इथल्या महापालिकेला, फोन केला. पैसे नाहीत, म्हणाले. मग आमच्या छोट्या टाउन कौन्सिलच्या बैठकीला जाऊन बसले. ब्रॅकनेलजवळच्या आमच्या एवढ्याशा गावाला एक अधिकार आहे, हे मला तिथे कळलं. कौन्सिल टॅक्समध्ये, म्हणजे इथल्या घरपट्टीत, स्वतःचा हिस्सा किती लावायचा, ते गावच ठरवतं. तो थोडा वाढवला, तर स्वच्छतागृह आपल्याकडे घेऊन चालवता येणार होतं. ठराव आला, मतं समसमान पडली आणि अध्यक्षांनी निर्णायक मत विरोधात टाकलं. एक जागा रिकामी होती. पोटनिवडणुकीला मी अर्ज भरला.

"संडासासाठी निवडणूक लढवणारी आपल्या घराण्यातली तू पहिलीच," नवरा म्हणाला.

"पत्रकं तू वाटणारेस," मी म्हटलं.

पत्रकाची पहिली ओळ होती, 'मी तुमचा टॅक्स वाढवीन.' खाली किती आणि कशासाठी, ते लिहिलं. ही ओळ काढ, असं सांगणारे बरेच भेटले. मी काढली नाही.

स्टेशनजवळच्या फ्लॅट्समध्ये आपली वीसेक मराठी घरं आहेत, बहुतेक आयटीतली. पहिलंच दार पुण्याच्या एका तरुणाने उघडलं.

"काकू, आम्ही व्हिसावर आहोत. आम्हाला कुठलं मत?"

"कौन्सिल टॅक्स भरतोस?"

"दर महिन्याला जातो की."

"मग नाव नोंदव. भारत कॉमनवेल्थमध्ये आहे, म्हणून भारतीय पासपोर्टवरही इथे मत देता येतं."

"काय सांगता! पार्लमेंटलासुद्धा?"

"पार्लमेंटलासुद्धा. किती वर्षं झाली इथे?"

"सहा."

"सहा वर्षं फुकट घालवलीस. आणि काकू नको म्हणूस, उमेदवार म्हण."

हा गैरसमज प्रत्येक दारात होता. सगळ्यांना मी तिथेच उभं राहून फोनवर नाव नोंदवायला लावलं. चहाला कुठेच थांबले नाही. मी सोळा मतांनी निवडून आले.

ठराव पुन्हा आला. समोरचे एक जुने सदस्य म्हणाले, "लोकांना टॅक्सवाढ चालणार नाही."

मी पत्रक टेबलावर ठेवलं. "पहिली ओळ वाचा. लोकांनी ती वाचूनच मतं दिली आहेत."

ठराव एका मताने मंजूर झाला. एप्रिलपासून आमचा हिस्सा वाढला, सफाईला माणूस नेमला आणि चौकातलं दार उघडलं.

त्या आठवड्यात एका दुपारी दीड वाजला तरी सासरे घरी नव्हते. मी फोन केला.

"बाबा, जेवायला येताय ना?"

मागे कुणीतरी मोठ्याने हसत होतं. "तू जेवून घे," ते घाईत म्हणाले. "माझा डाव रंगात आलाय."