निरोगी क्रमांक एक

माझ्या नावावर जे काही पेपर आहेत, त्या प्रत्येकात माझं रक्त आहे. अलंकारिक बोलत नाही. मधुमेही लोकांच्या रक्ताची तपासणी करायची तर तुलनेला निरोगी माणूस लागतो. ठाण्यातल्या आमच्या लहानशा प्रयोगशाळेत दर महिन्याला उपाशीपोटी हात पुढे करणारं कोण मिळणार? बाळकुमहून पेशंट यायचे. त्यांच्या मुलासुनांना विचारलं की ते हमखास बाहेर चहाला जायचे. मग मीच संमतीपत्रावर सही केली आणि क्रमांक घेतला. निरोगी क्रमांक एक.

माझी नळी बाकीच्या नळ्यांबरोबर सुक्या बर्फात बंगळूरला जायची. तिथल्या संस्थेतल्या एक बाई पुढची मोजमापं करतात. अकरा वर्षं आम्ही मिळून पेपर लिहितोय आणि एकदाही भेटलेलो नाही. बाई मूळच्या बेळगावच्या, त्यामुळे इंग्रजी मेलच्या शेवटी एखादी ओळ मराठीत असते. क्रमांक एक म्हणजे मी, हे त्यांना ठाऊक नव्हतं. नमुन्याला नाव नसतं, नियमच तसा आहे.

गेल्या वर्षी त्यांचा मेल आला: तुमच्या निरोगी माणसाचे आकडे बिघडलेत, रक्तात कीटोन फार आहेत. मी ताडकन उत्तर दिलं की तुमचं मशीन बघा, नाहीतर कुरियरवाल्यानं बर्फ संपू दिला असेल. नाचता येईना अंगण वाकडं, हे तेव्हा सुचलं नाही. त्यांनी सगळं पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.

आमच्या तंत्रज्ञ ताई कळव्याच्या, तोंडानं फटकळ. त्या म्हणाल्या, "मॅडम, बर्फ मी स्वतः भरलेला. आणि बाकीच्यांचे आकडे एकदम ओके आहेत ना? मग एकट्या तुमच्याच नळीला काय झालं?"

मी कपाटातून माझे जुने फॉर्म काढले.

पोट फार वेळ रिकामं राहिलं की शरीर साठवलेली चरबी जाळायला घेतं आणि कीटोन वाढतात. हे मी विद्यार्थ्यांना शिकवते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. अप्पा, म्हणजे माझे वडील, होते तोवर डोंबिवलीच्या घरी बरोबर आठला पानं घेतली जायची. मला यायला पाच मिनिटं उशीर झाला तरी ते गॅलरीत उभे राहायचे आणि मी वर आल्यावर मलाच रागवायचे. ते गेल्यावर एकटीसाठी कुकर कशाला, म्हणून संध्याकाळी पाचचा चहा आणि खारी हेच माझं रात्रीचं जेवण झालं. फॉर्मवर मात्र ‘काल रात्री किती वाजता जेवलात?’ या रकान्यात मी सवयीनं ‘आठ’ लिहीत राहिले. दुसऱ्या कुणी असं खोटं लिहिलं असतं तर मी त्याला उभं जाळलं असतं.

पेपर वाचवायचा तर ते नमुने बाद करणं भाग होतं. मी बाईंना फक्त एवढंच कळवलं की ती व्यक्ती रात्री जेवत नव्हती. मसुद्यात ओळही मीच लिहिली: ‘एका निरोगी स्वयंसेवकाचे अलीकडचे नमुने वगळण्यात आले.’ लिहिताना रडू आलं. इतकं एकटं मला अप्पांच्या तेराव्याला पाहुणे परतल्यावरही वाटलं नव्हतं.

बाईंकडून मसुदा परत आला. समासात नेहमीसारख्या त्यांच्या टिपा होत्या: इथे संदर्भ द्या, हा तक्ता लहान करा. वगळल्याच्या ओळीशेजारी मराठीत एक टीप होती: "ती जेवते काय आता?"

पेपर पाठवण्याआधी समासातल्या टिपा काढून टाकाव्या लागतात. बाकीच्या सगळ्या मी काढल्या. ही तीन दिवस तशीच होती आणि तिच्यापायी पेपर अडला होता. चौथ्या दिवशी मी तिच्याखाली लिहिलं, "नाही. ती मीच आहे," आणि मसुदा बंगळूरला परत पाठवला.