डाव्या हाताची खूण

पास द्यायला, गोल मारायला सगळेच शिकवतात. आमचे हॉकीचे सर पडायला शिकवायचे. गोलसमोरच्या 'डी'त समोरचीची स्टिक पायाजवळ आली रे आली, की गुडघा धरून आडवं व्हायचं आणि पंचांना ऐकू जाईल असं ओरडायचं, "खरंच लागलंय! खरंच लागलंय!" पंच फसले तर पेनल्टी स्ट्रोक मिळतो, म्हणजे समोर एकटी गोलकीपर आणि आपला एक मोकळा फटका. छावणीच्या मैदानावर आम्ही पोरी आळीपाळीनं लोळायचो आणि हसून हसून बेजार व्हायचो. कपडे बघून आई विचारायची, "हॉकी खेळती का कुस्ती गं?"

यात एक अडचण होती. उपचाराला कुणी मैदानात आलं, की पडलेलीला थोडा वेळ बाहेर जावं लागतं. म्हणून सरांनी खूण ठरवली. पडल्यावर डाव्या हातानं माती थोपटली तर नाटक आहे, कुणी येऊ नका. नाही थोपटली तर खरं लागलंय, पळत या. सरांना या खुणेचा लई अभिमान होता.

मला त्या वर्षी राज्याच्या संघात जायचं होतं. दुसरं काही म्हणजे काही नको होतं. गारखेड्याहून रोज पहाटे सायकल हाणत यायचे ती त्याच्यासाठीच. आणि त्या वर्षीच्या स्पर्धेच्या फायनलला निवड करणारे स्वतः येऊन बसले होते.

फायनल बरोबरीत चालली होती. मी बॉल घेऊन डीत शिरले आणि त्यांच्या फुलबॅकची स्टिक माझ्या उजव्या गुडघ्यावर सणकन बसली. आत काहीतरी तुटलं. मी पडले आणि ओरडले, "खरंच लागलंय!" दुसरं काय येत होतं मला, डोंबल! उजव्या हातानं गुडघा धरलेला, आणि कळ अशी की डावा हात आपोआप मातीवर आपटत राहिला.

पंचांनी स्ट्रोक दिला. बाकावरून सर हसत अंगठा दाखवत होते. आमची कॅप्टन, छावणीतलीच, माझ्यावर वाकली. "उठ ना गे, मिल गया स्ट्रोक."

"नाय गं, खरंच लागलंय."

तिनं डोळा मारला. "हौ, हौ. लई भारी!" आणि काखेत हात घालून मला उभं केलं.

तिला तरी काय बोलू? खोटं बोलून बोलून ते शब्द आम्हीच वापरून टाकले होते, आता खऱ्यासाठी नवे कुठून आणणार? निवड करणारे बघत होते, बाहेर गेले तर नाव गेलं, या भीतीनं मी त्याच पायावर शेवटपर्यंत पळाले. त्या स्ट्रोकवरच आम्ही जिंकलो. पोरींनी मला खांद्यावर घेतलं. खाली ठेवलं तेव्हा मला उभं राहता येईना, तर त्यालाही सगळ्या हसल्या.

डॉक्टर म्हणाले, "पडलीस तेव्हाच थांबली असतीस तर एवढं फाटलं नसतं." ऑपरेशन झालं. गुडघा नंतर पळताना गेला, असंच सर समजून बसले. निवड झाली, ती माझ्याशिवाय. त्यानंतर मी कधी पळाले नाही. आता शेंद्र्याला एका कंपनीत बसून काम करते आणि जिना चढताना कठडा धरते.

परवा छावणीच्या बाजारात गेले होते. मैदानावर सर दिसले, समोर नव्या पोरी. मला बघून त्यांना कोण आनंद झाला! "ए पोरींनो, इकडं बघा. याच त्या ताई. यांच्या पडण्यावर आपण फायनल जिंकली. असं पडणं आजपर्यंत कुणाला जमलं नाय!"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "सर, ते नाटक नव्हतं. खरंच लागलं होतं मला."

सर पोट धरून हसले. "बघा! अजून सोडत नाय!"

पोरींनी टाळ्या वाजवल्या. मी पिशवी उचलली आणि पाय ओढत फाटकाकडं निघाले. मागून एक पोरगी दुसरीला म्हणाली, "लंगडतात पण काय गं! अगदी खऱ्यासारखं."