शेवटचं कडवं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बाबांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? काल मेट्रोत कुणाच्या तरी मोबाइलवर ते गाणं लागलं — आणि मला पुन्हा हाड मोडल्याचा आवाज आला.

तुम्हीही ऐकलं असेल. ‘काचेच्या शहरात आलो, काचच पुसत राहिलो.’ लग्नात वाजतं, जयंतीच्या मिरवणुकीत वाजतं. स्वप्नांचा पार चुराडा झालेला माणूस त्यात रडतोय, आणि लोक बेभान होऊन नाचतात. कसे काय नाचतात हो? गाण्यातला फसलेला माणूस दुसराच कुणी आहे, असं प्रत्येकाला वाटत असणार. मला तेवढंही जमलं नाही.

गाणं नितेशचं. माझा मावसभाऊ. आम्ही दोघं यवतमाळचे, गुरुग्रामला टॉवरांच्या मागच्या वस्तीत एका खोलीत राहायचो. तो पेटी फार गोड वाजवायचा. मी — मी टॉवरच्या तळघरात साहेबलोकांच्या गाड्या पुसायचो. घरी मात्र थाप मारली होती, मॅनेजर आहे म्हणून. वरच्या चकचकीत लॉबीत उभं राहून काढलेले फोटो पाठवायचो, आणि बाबा ते गावाकडच्या अख्ख्या वस्तीला दाखवायचे.

एप्रिलात करोल बागेच्या एका हॉलमध्ये आपल्या लोकांचा जयंतीचा कार्यक्रम होता. नितेश हे नवं गाणं म्हणणार होता. बाबा गावाहून मुद्दाम येणार होते, पहिल्या रांगेत बसणार होते.

आदल्या दिवशी दुपारी त्यानं मला ते पूर्ण ऐकवलं. मी मान डोलावत होतो. शेवटचं कडवं आलं — ‘विलास म्हणे, घरी धाडला फोटो हसरा, अन् फडक्यानं पुसला चेहरा.’

विलास म्हणजे मी.

तळपायाची आग मस्तकात गेली. भर सभेत, बापासमोर, माझी अब्रू काढणार हा? म्हटलं, हे कडवं काढ. तो हसला. “बिल्कुल नाही यार, यातच तर जान आहे.” आणि उठून उंबऱ्याबाहेर उभा राहिला, चौकटीवर हात ठेवला, गल्लीकडे तोंड करून तेच कडवं आणखी मोठ्यानं म्हणायला लागला.

दार लोखंडी होतं. त्याची बोटं मला दिसत होती — हे नीट ऐका — दिसत होती. मी सगळं अंग टाकून दार लोटलं. तो किंचाळला. मी दार उघडलं. त्यानं हात काढायच्या आत परत आपटलं. पहिल्यांदा राग होता म्हणू. दुसऱ्यांदा काय होतं? दुसऱ्यांदा मला बरं वाटलं होतं.

दवाखान्यात नेताना, ऑटोत, रक्तानं भिजलेला टॉवेल मांडीवर धरून तो एवढंच म्हणाला, “दादा, शेवटी नाव कवीचं असतं ना. ती काचेची ओळ तुझी होती.”

खरं होतं. तळघरातून दमून आलो की ‘काचच पुसत राहिलो’ असं मीच म्हणायचो. आपल्या गाण्यांत शेवटच्या कडव्यात नाव येतं ते रचणाऱ्याचं, हे लहानपणापासून ऐकत आलोय मी. त्यानं स्वतःचं गाणं माझ्या नावावर केलं होतं. आणि माझ्या खोटेपणाला त्यात फक्त शिवी ऐकू आली.

मी सगळ्यांना सांगितलं, आंधी आली आणि दार आपटलं. “अच्छा, आंधीनं?” एवढंच विचारलं लोकांनी. नितेशनंही हो म्हणून मान हलवली. कार्यक्रमात गाणं दुसऱ्यानं म्हटलं. त्याला मी पढवलं होतं की गाणं तिसऱ्या कडव्यालाच संपतं. बाबांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून ते तसंच, अर्धवट, गावोगाव फिरतंय.

नितेश यवतमाळला परत गेला. त्याची दोन बोटं वळत नाहीत. पेटी त्यानं विकून टाकली. मी आता खरंच मॅनेजर आहे, तळघरातल्या त्याच पार्किंगचा. नितेश फोनवर अजून दादा म्हणतो.

त्या दुपारी आंधी नव्हती. झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं. दार मी आपटलं, दोन्ही वेळा, त्याच्या बोटांकडे बघत.